खुर्ची उलटी करून पाहा

जुनी खुर्ची पारखायची असेल तर तिच्यावर बसण्याआधी ती उलटी करावी. पाठीचा डौल, पॉलिशची झळाळी, विक्रेत्याने रंगवून सांगितलेली गोष्ट हे सगळं वरच्या बाजूला असतं. पुरावा खाली आणि कडेला असतो. मुंबईच्या चोरबाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत हल्ली ‘डॅनिश’ हा शब्द कानावर पडतो आणि त्याबरोबर किंमतही चढते. प्लायवुड साच्यात दाबून घडवलेली, १९५०च्या दशकातली डेन्मार्कची खुर्ची ही खरोखरच मोलाची वस्तू आहे. पण ती तशी आहे हे लाकडाने सांगितलं पाहिजे, आणि त्यासाठी लाकूड कसं वाकतं हे आधी समजायला हवं.

लाकूड वाकवणं किती अवघड, हे पाचूबंदरात समजावून सांगावं लागत नाही. वसई किल्ल्याला लागून, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या या कोळीवाड्यात होडी हाच संसाराचा कणा. होडीचं अंग दोन दिशांनी वळतं: नाळेकडून मागे जाताना एक बाक आणि काठावरून तळाकडे उतरताना दुसरा. सुतार अरुंद फळ्या एकीला एक जोडून हा प्रश्न सोडवतो. खुर्चीची बैठक आणि पाठ एकसंध हवी असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो.

फळी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. कोरडं लाकूड साधारण एका टक्क्याच्या आसपास ताणलं की फाटू लागतं. १० मिलिमीटर जाडीची फळी ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या बाकात बसवायची तर बाहेरची बाजू १० टक्के लांबवावी लागेल, म्हणजे ती मोडणारच. मायकेल थोनेट याने एकोणिसाव्या शतकात यावर सुंदर तोड काढली. वाफेने लाकडातलं, तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं आणि मग लाकूड फारसं ताणलं जात नसलं तरी २० टक्क्यांहून अधिक दाबलं जाऊ शकतं. म्हणून त्याने बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी घट्ट आवळली. लाकडाला लांब होताच येईना, सगळा बदल दाबाच्या बाजूला गेला. त्याची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ची. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच कुळातल्या.

प्लायवुडची युक्ती वेगळी. एक मिलिमीटरचा पातळ पापुद्रा त्याच ५ सेंटिमीटरच्या बाकात जेमतेम एक टक्का ताणला जातो. असे पापुद्रे ओल्या सरसासकट साच्यात ठेवले की ते वहीच्या पानांसारखे एकमेकांवरून सरकतात. उष्णतेने सरस कडक झाला की सरकणं थांबतं आणि बाक कायमचा होतो. फिनलंडमध्ये आल्व्हार आल्टो याने पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयासाठी १९३०च्या सुमारास बर्च लाकडातून अशी खुर्ची केली. तिचं प्लायवुड एकाच दिशेने वळलेलं आहे. दोन्ही दिशांनी वळवायचं म्हटलं की बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथे भेगा पडतात. अमेरिकेत चार्ल्स आणि रे इम्स यांनी शेवटी दोन भाग वेगळे केले. डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेनने जिथे भेग पडते तिथलं लाकूडच कापून टाकलं. १९५२च्या त्याच्या ‘मुंगी’ खुर्चीची बारीक कंबर मला म्हणूनच विलक्षण वाटते: ती नुसती नटवेगिरी नाही, पदार्थाच्या मर्यादेतून आलेला आकार आहे. १९५५ची ‘मालिका ७’ तिचीच पुढची पायरी.

आता पारख. आधी कड पाहा. थर सरळ, समान जाडीचे आणि बाकाबरोबर अखंड वळणारे हवेत. मध्येच पोकळी किंवा भरलेली लांबी दिसली तर संशय घ्यावा. वरच्या बाजूला स्क्रूची डोकी दिसली तर ही याकोबसेनची खुर्ची नव्हे असं समजायला हरकत नाही, कारण मूळ रचनेत पाय खालूनच जोडलेले असतात. बैठकीखाली, पाय जिथे एकत्र येतात तिथल्या टोपीवर फ्रिट्झ हान्सन या उत्पादकाचं नाव शोधावं. ते नसलं म्हणून खुर्ची लगेच खोटी ठरत नाही, कारण टोपी बदललेली असू शकते; आणि असलं म्हणून खरीही ठरत नाही. कड, जोड आणि खूण या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात.

पाठीत हात घालायला भोक असेल तर? लंडनमध्ये १९६३ साली छायाचित्रकार लुईस मॉर्लीने खुर्चीवर बसलेल्या मॉडेल क्रिस्टीन कीलरचं जे जगप्रसिद्ध छायाचित्र टिपलं, त्यातली खुर्ची ‘मालिका ७’ची नक्कल होती आणि ते भोक वेगळेपण दाखवण्यासाठी होतं. ती खुर्ची आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. नकलेलाही मोल येतं, पण तिच्या स्वतःच्या इतिहासाचं.

किनाऱ्यावर आणखी एक परीक्षा लागते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. डेन्मार्कच्या हिवाळ्यात तापवलेल्या घरात त्यात सहा ते आठ टक्के पाणी राहतं. आपल्या पावसाळ्यात, सापेक्ष आर्द्रता नव्वदीत गेली की ते २० टक्क्यांच्या घरात पोचतं आणि तिथूनच बुरशीची भीती सुरू होते. घरातल्या फर्निचरला वापरला जाणारा युरिया-फॉर्मल्डिहाइड सरस दमट उष्णतेत हळूहळू विघटित होतो. भारतीय मानकांत सागरी प्लायवुडला (आयएस ७१०) ७२ तास उकळण्याची कसोटी आहे; दिवाणखान्यातली खुर्ची त्यासाठी जन्मलेलीच नाही. बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहा. टणक आवाज मध्येच भद्द झाला तर तिथे थर सुटले आहेत. सुटलेल्या थरांची दुरुस्ती महाग असते आणि ती किमतीतून वजा धरावी.

‘मालिका ७’ आजही बनते, म्हणून नुसत्या जुनेपणाला फार भाव नाही. आरंभीचं उत्पादन, मूळ पाय, न खरवडलेला पृष्ठभाग आणि कुठून कुठे आली याचा कागद हे चार घटक भाव चढवतात. चंडीगडचं उदाहरण याला पुरेसं आहे. तिथल्या सरकारी कार्यालयांसाठी वास्तुविशारद पियेर जानेरेने आखलेल्या सागवानी खुर्च्या भंगारात निघाल्या आणि पुढे परदेशी लिलावांत त्यांना मोठ्या किमती मिळू लागल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ साली त्या वारशाच्या विक्रीवर बंदी आणली. त्या खुर्च्यांवर रंगवलेले कार्यालयांचे क्रमांक आज अस्सलपणाचा पुरावा मानले जातात.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती: घरातली एखादी जुनी प्लायवुडची खुर्ची सुताराकडे नेण्याआधी तिच्या खालच्या बाजूचे, कडांचे आणि प्रत्येक खुणेचे फोटो काढून ठेवा. पॉलिशपेपर त्यानंतर.