उपकारस्तुती : ख्रिस्ती श्रद्धेचा एक आविष्कार

कृतज्ञता हा सर्वच धर्मांनी गौरविलेला सद्गुण आहे. मनुष्य देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊनच जन्माला येतो, असे आपली परंपरा सांगते. परंतु काही उपकार असे असतात की, ते कोणाला फेडावेत हेच उमगत नाही. १९७२ च्या दुष्काळात किंवा १९९३ च्या किल्लारी भूकंपात आपल्या मराठवाड्याला किती अनोळखी हातांनी आधार दिला! ज्यांचे नावही ठाऊक नाही, त्यांचे ऋण फेडावे कसे? ख्रिस्ती धर्मातील कृतज्ञतेचा विचार या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो.

मराठी ख्रिस्ती समाज या भावनेला ‘उपकारस्तुती’ म्हणतो. देवाची कृपा ही कमाई नव्हे, ते दान आहे. म्हणून तिची परतफेडही शक्य नाही, अशी त्यामागील श्रद्धा आहे. परतफेड नाही, तर मग काय? स्तुती करावी आणि मिळाले ते वाटावे. ख्रिस्ती उपासनेतील प्रभुभोजनाचे ‘युखरिस्ट’ हे नाव ‘आभार मानणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. मरण समोर दिसत असताना येशूने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि शिष्यांना दिली. आभार व वाटप अशी एकाच कृतीत गुंफली गेली.

मुंबई-वसई परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतात. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागतात. लातूर-धाराशिवकडील वेळा अमावास्या ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हा सण परका वाटणार नाही. काळ्या आईची पूजा झाली की शेतावर आलेल्या प्रत्येकाला आग्रहाने जेवू घालणे, हीच तेथील रीत!

पण पीकच आले नाही तर? पंडिता रमाबाईंचे चरित्र या कसोटीवर पाहावे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांचे आईवडील हिरावून नेले. पुढे बहीणही गेली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या, केडगावच्या ‘मुक्ती’त त्यांना आसरा दिला, शिक्षण व उद्योग दिले. ज्यांनी त्यांना काहीच दिलेले नव्हते, अशांना रमाबाईंनी दिले. आपण वाचलो ती देवाची कृपा, आणि ती पुढे पोहोचविणे हीच तिची स्तुती, असे त्यांच्या कार्याकडे पाहून वाटते.

कृतज्ञतेची शिकवण म्हणजे गरिबाला मुकाट्याने सोसायला सांगणे होय, असा आक्षेप घेतला जातो. तशी ती वापरली गेली तर आक्षेप रास्तच आहे. परंतु रमाबाईंनी उपासमारीचे आभार मानले नाहीत. तिच्याशी त्या झुंजल्या. खरी कृतज्ञता अन्यायाला झाकत नाही, हात कामाला लावते.

गोदाकाठी विष्णुपुरीच्या परिसरात शिकणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांमागेही कोणाची तरी मजुरी, कोणाचा तरी कर, कोणाचा तरी उपवास उभा आहे. त्या साऱ्यांचे दार आपल्याला सापडेलच असे नाही. पण आपल्या दाराशी उद्या जो येईल, त्याला रिकाम्या हाताने न पाठविणे तर आपल्या हाती आहे!