सनावळ्या आपापल्या वेळी

सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव हे खंडाळा तालुक्यातलं. त्यामुळे ३ जानेवारीच्या त्यांच्या जयंतीसाठी इथल्या शाळेला विषय शोधावा लागत नाही. समजा, पॉवरपॉइंटच्या एका स्लाइडवर त्यांचं चित्र आहे, चार सालं आहेत आणि वर्गातल्या बाईंच्या आवाजात निवेदन आहे. १८३१ जन्म, १८४० विवाह, १८४८ भिडेवाड्यातली शाळा, १८९७ प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना मृत्यू. हे सगळं एकदम दिसलं तर मुलांची नजर शेवटच्या ओळीवर पोचते आणि निवेदन अजून जन्मापाशीच असतं.

म्हणून प्रत्येक ओळ कधी उमटायची ते ठरवावं लागतं. ओळीच्या ॲनिमेशनला ‘ऑन क्लिक’ निवडलं तर ती ओळ आपल्या क्लिकची वाट पाहते. ‘विथ प्रीव्हियस’ म्हणजे आधीच्या घटकाबरोबर, ‘आफ्टर प्रीव्हियस’ म्हणजे तो संपल्यावर. इथे आधीचा म्हणजे स्लाइडवर वरच्या बाजूला दिसणारा नव्हे, तर ॲनिमेशन पेनच्या यादीत वर असलेला. क्रम चुकतोय असं वाटलं की आधी ती यादी बघावी.

ड्युरेशन आणि डिले यांत हमखास गल्लत होते. १८४८ची ओळ सावकाश उमटावी म्हणून डिले वाढवला, तर ती सावकाश नव्हे, उशिरा उमटते. उमटण्याचा वेग ड्युरेशनच्या हाती असतो.

निवेदनाशी ओळी जुळवायच्या असतील तर मी डिलेचे सेकंद मोजत बसणार नाही. ध्वनी निवडून प्लेबॅक टॅबमध्ये जावं, आवाज ऐकत ‘अठराशे अठ्ठेचाळीस’ या शब्दापाशी बुकमार्क ठेवावा आणि त्या ओळीच्या ॲनिमेशनला ट्रिगर म्हणून तोच बुकमार्क द्यावा. मध्येच एखाद्या मुलीने “भिडेवाडा कुठे आहे?” असं विचारलं आणि बाईंनी आवाज थांबवला, तर ओळही थांबते. डिलेचं घड्याळ मात्र पुढे चालत राहिलं असतं. वर्गात प्रश्नाला जागा हवीच, म्हणून ही मेहनत सार्थकी लागते. तेवढ्यासाठी ध्वनीचं चिन्ह ‘हाइड ड्युरिंग शो’ करून लपवू नये, कारण थांबवायचं बटण त्याच्यापाशीच असतं.

प्रदर्शनात संगणक व्हरांड्यात एकटाच चालू ठेवायचा असेल तर सगळं उलटं. स्लाइड शोच्या सेटिंगमध्ये किऑस्कचा पर्याय निवडला की सादरीकरण एस्केप दाबेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरत राहतं, पण क्लिकने पुढे सरकत नाही. तिथे ‘ऑन क्लिक’च्या जागी ‘आफ्टर प्रीव्हियस’ हवं आणि प्रत्येक स्लाइडला ठरावीक वेळ हवा. ‘रिहर्स टायमिंग्ज’ चालू करून सराव केला की प्रत्येक स्लाइडचे सेकंद आपोआप नोंदले जातात. हा सराव शिक्षकाने करू नये, त्याला मजकूर पाठ असतो. चौथीतल्या मुलीला मोठ्याने वाचू द्यावं आणि तिचं वाचून झालं की पुढची स्लाइड आणावी.