टाक्या, गायी आणि ३९ घरे

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागले, हडपसर आणि मांजरी मागे पडली की कदमवाक वस्तीच्या आसपास टँकरांची रांग दिसू लागते. हे लोणी काळभोर. मुंबईच्या रिफायनरीतले पेट्रोल-डिझेल जमिनीखालच्या नळातून घाट चढून इथल्या टाक्यांत येते. तोच नळ पुढे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत जातो. गावाच्या शिवारातून दोन कालवे वाहतात. एक खडकवासल्याचे पाणी इंदापूरकडे नेणारा नवा मुठा उजवा कालवा. दुसरा जुना, ज्याला इथे सगळे ‘बेबी कालवा’ म्हणतात. त्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले, पुणेकरांनी वापरून सोडलेले पाणी येते. म्हणजे इंधन मुंबईचे आणि पाणी शहराच्या मोरीतले. बाहेरून येणाऱ्या गोष्टींवर एखादे गाव किती टेकलेले असू शकते, हे पाहायचे तर लोणीइतके सोयीचे ठिकाण पुणे परिसरात सापडणार नाही.

गंमत अशी, की याच रस्त्याला ‘स्वयंपूर्ण इको-व्हिलेज’च्या जाहिरातींचे फलकही लागतात. स्वतःची सौर वीज, स्वतःचे पाणी, स्वतःची भाजी, महावितरणचे बिल नाही. शहराला कंटाळलेल्या माणसाला हे वाचून मोह होणारच. पण लोणीपासून दहा-बारा किलोमीटरवर, याच रस्त्यावर, असा एक प्रयोग १९४६ मध्येच सुरू झाला होता. दिवे घाटापलीकडे पुरंदरात दुसरा झाला, उत्तरेला जुन्नरच्या डोंगरात तिसरा. तिन्ही पुणे जिल्ह्यातलेच. फलकावरच्या चित्रापेक्षा त्यांच्याकडून शिकण्यासारखे जास्त आहे.

पहिला उरुळी कांचनचा. डॉ. दिनशा मेहता यांचे पुण्यातले निसर्गोपचार केंद्र गरिबांसाठी चालवावे, या हेतूने त्याचा न्यास झाला आणि गांधीजी स्वतः विश्वस्त झाले. थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आले, की शहरात बसून गावातल्या गरिबाची सेवा होत नसते. मग रेल्वेमार्गावरचे उरुळी निवडले गेले. २२ मार्च १९४६ रोजी ते तिथे उतरले आणि ३० तारखेपर्यंत राहिले. सकाळपासून रोग्यांची रीघ लागे. औषध काय? माती, पाणी, ऊन, कटिस्नान, ताक, दूध, फळांचा रस आणि रामनाम. जे गावात मिळत नाही ते औषधच नव्हे, असा एकूण खाक्या. आज ज्याला ऑफ-ग्रिड म्हणतात, त्याचे हे वैद्यकातले रूप. मातीच्या पट्ट्यांनी काय बरे होते आणि काय होत नाही, यावर वाद घालता येईल, घालायलाही हवा. पण ‘हरिजन’मधल्या त्यांच्या लेखांत उपचाराइतकाच भर गावाच्या स्वच्छतेवर आहे. रोगी बरा करून त्याच घाणीत परत धाडण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता.

नऊ दिवसांनी गांधीजी गेले. गावातल्या कांचन मंडळींनी जमीन दिली होती, आश्रमाला नाव मिळाले होते, प्रश्न फक्त राहायचे कोणी एवढाच होता. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे राहिले. आणि राहिला सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा, सव्वीस वर्षांचा एक तरुण. मणिभाई देसाई विज्ञान शिकलेले, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. उरुळीसाठी आयुष्य द्यायचा शब्द त्यांनी गांधीजींना दिला आणि १९९३ मध्ये निधन होईपर्यंत तो पाळला. सत्तेचाळीस वर्षे! ऑफ-ग्रिड वस्त्यांवरच्या पुस्तकांत पॅनेल, बॅटरी आणि कंपोस्ट यांवर प्रकरणामागून प्रकरणे असतात. एका माणसाने एका जागी सत्तेचाळीस वर्षे राहण्यावर एखादे प्रकरण माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

मणिभाईंनी आश्रमात गीर गायी पाळल्या. दूध रोग्यांना, शेण शेताला, बैल नांगराला, असे गांधीविचारात बसणारे चक्र त्यांना सहज चालवत राहता आले असते. त्यांनी ते मोडले. गावातल्या गरिबाच्या दारातली गाय दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देते आणि तेवढ्यावर घर उभे राहत नाही, हे त्यांनी पाहिले होते. १९६७ मध्ये त्यांनी ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ म्हणजे ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि देशी गायींचा जर्सी व होल्स्टीन फ्रिजियन वळूंशी संकर सुरू केला. गोठवलेले वीर्य द्रव नायट्रोजनच्या नळकांड्यात, उणे १९६ अंशांवर ठेवलेले. ते मोटारसायकलला बांधून बाएफचा कार्यकर्ता थेट शेतकऱ्याच्या गोठ्यात जाई. गाय दवाखान्यात न्यायची नाही, दवाखानाच गोठ्यात आणायचा. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी गुजरातेत वांसद्याला आदिवासी कुटुंबांसाठी ‘वाडी’चा कार्यक्रम सुरू झाला: घरामागे एकरभर जमीन, त्यात आंबा-काजू, कडेने लाकूड-चाऱ्याची झाडे. हवाईहून आणलेले सुबाभूळ हेही बाएफनेच गावोगाव नेले.

काही गांधीवाद्यांना परदेशी वळू रुचला नाही, आणि आज देशी गायीच्या दुधाचे भाव पाहता त्यांना पुन्हा हुरूप यावा. संकरित जनावर उन्हाला कमी टिकते, त्याला चारा-पाणी जास्त लागते, हे खरेच आहे. तरीही मणिभाईंच्या निर्णयात मला गांधीजींपासूनची फारकत दिसत नाही. गावाला स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी त्यांनी उणे १९६ अंशांचे द्रव्य वापरात आणले. तुटून राहणे आणि स्वावलंबी होणे यांतला फरक त्यांना गांधीजींच्या अनेक अनुयायांपेक्षा लवकर कळला होता. आश्रम अजून चालतो. पुण्या-मुंबईची माणसे तिथे वजन उतरवायला येतात.

गायींवरून गोबरगॅसकडे वळतो, कारण स्वयंपूर्ण गावाच्या प्रत्येक आराखड्यात तो असतोच. याची महाराष्ट्राशी नाळ जुनी आहे: १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लागत होते, आणि पुढे कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास, खत आणि वायू यांची सांगड घातली. हिशेब असा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. ते नीट चालले तर महिन्याला साधारण २५ किलो एलपीजीइतके इंधन मिळते, पावणेदोन सिलिंडर. थंडीत वायू कमी होतो, कारण जंतूंना ऊब लागते. आता घरात एकच म्हैस उरली किंवा मुलगा कंपनीत लागला आणि दूध पिशवीतून येऊ लागले, की संयंत्राचे घुमट पालथे पडतात. बिघाड यंत्रात नसतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी म्हणूनच शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र बनवले. २००६ मध्ये त्याला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शहराजवळच्या, जनावरे नसलेल्या वस्तीला तेच जास्त जुळते.

दुसरा प्रयोग पाण्याचा. लोणीच्या दक्षिणेला रामदऱ्याच्या अंगाने डोंगर ओलांडला की पुरंदर तालुका. कालव्याच्या बाजूला ऊस, डोंगरापलीकडे दुष्काळ, असे हे चित्र पिढ्यान्पिढ्यांचे. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनिअर आणि उद्योजक या भागात फिरले. नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिथे बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव करून त्यांनी दाखवले, की पडणारा पाऊस धरून ठेवला तर धान्य पिकते. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचणाऱ्याला दचकवतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणशी मिळणार. दरडोई अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. आणि ऊस लावायचा नाही.

शेवटचा नियम सर्वांत कठीण. डोंगराच्या अलीकडे थेऊरचा ‘यशवंत’ कारखाना उसाची वाट पाहत उभा असताना हे सांगायला धैर्य लागत होते. आज तो कारखाना बंद आहे, पण कालव्याकाठी ऊस आहेच. पाणी पंचायतीच्या सगळ्याच योजना टिकल्या नाहीत, काही विजेच्या बिलाखाली आणि भांडणांखाली बसल्या. पण स्वयंपूर्णतेचा विचार करताना ‘किती निर्माण करता येईल’ याआधी ‘काय वापरायचे नाही’ हे ठरवणारा गट इथे भेटतो.

तिसरा विजेचा. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडी या ठाकर वस्तीपर्यंत तारा पोचल्या नव्हत्या. २०१२ च्या जुलैत पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने तिथे ९.४ किलोवॅटचे सौर केंद्र आणि वस्तीपुरते वितरणाचे जाळे उभे केले. पैसा बॉश या जर्मन कंपनीचा, घरे ३९, चालवणारा न्यास गावकऱ्यांचा. घरोघर मीटर, वापराप्रमाणे बिल, आणि वसुलीही गावच करणार.

जरा आकडा मांडून पाहू. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. ९.४ किलोवॅटचे झाले साडेसदतीस. बॅटरीत जाता-येता काही गळते. ३९ घरांत वाटले तर घराला दिवसाला एक युनिटही येत नाही, महिन्याला पंचवीस-तीस. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पाच १०० युनिटांचा असतो. दरेवाडीत तेवढ्यात दिवे, मोबाइल, एखादा टीव्ही बसतो. इस्त्री, गीझर, एसी बसत नाही. फलकावरच्या इको-व्हिलेजमध्ये मात्र गीझर असतो, बहुधा तरणतलावही.

खरी गोम बॅटरीत आहे. पॅनेल पंचवीस वर्षे चालते, शिसे-आम्लाची बॅटरी पाच ते सात वर्षे. पहिला संच देणगीतून येतो, दुसरा कोण आणणार? म्हणून वस्तीकडून वीज सुरू झाल्यापासून पैसे घ्यायचे असतात. फुकट दिलेल्या सौर दिव्यांचे सांगाडे राज्यभर खांबांवर दिसतात, त्याचे कारण तंत्रज्ञान नव्हे. त्यांची वही कोणीच लिहीत नव्हते. कायद्याची अडचण मात्र फारशी नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम १४ नुसार अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटायला परवाना लागत नाही. अडचण येते ती तारा पोचल्यावर. २०१७ च्या सौभाग्य योजनेनंतर देशभर वाड्यावस्त्यांना जोडण्या मिळाल्या आणि अनुदानातल्या स्वस्त विजेपुढे गावाची महाग वीज पडू लागली. मग लोकांनी काय करावे? मला विचाराल तर तार घ्यावी. पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने तेच केले: २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झालेल्या या गावाची छपरे वीज बनवतात, आणि जाळ्याशी जोडलेलीही आहेत. रात्रीच्या विजेसाठी बॅटरीवर पैसा घालण्यापेक्षा दिवसा जाळ्यात टाकून रात्री परत घेणे शहाणपणाचे. तारेबाहेर राहण्यात तत्त्व म्हणून काही पुण्य नाही. जिथे तार येतच नाही, तिथे तो निरुपाय आहे.

या तिन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान निघाली, आणि ती मी शोधत नव्हतो. उरुळीची जमीन न्यासाची. नायगावची देवस्थानाची, भाडेपट्ट्याने घेतलेली, आणि तिथले पाणी कोणालाच विकता न येणारे. दरेवाडीचे केंद्र गावाच्या न्यासाचे. ज्याच्या जोरावर वस्ती उभी होती ते कोणाच्याही खासगी मालकीचे नव्हते, म्हणून भाव वाढल्यावर मोडून विकता आले नाही. सोलापूर रस्त्यावर गेल्या तीस वर्षांत जमिनीचे काय झाले हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. लोणीत राज कपूर यांची शेती होती, ‘राजबाग’. आज तिथे विद्यापीठ आहे.

म्हणून पुण्यातले दहा-बारा मित्र मिळून या पट्ट्यात स्वावलंबी वस्ती करू पाहत असतील, तर पॅनेलच्या कोटेशनआधी तलाठ्याकडे जावे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट घेता येत नाही. कुळकायद्याचे कलम ६३ आड येते. तुकडेबंदी कायदा १९४७ चा, त्यामुळे गुंठ्यांचे वाटप कागदावर टिकत नाही, आणि ‘सामाईक सातबारा, तोंडी हिस्सा’ या मार्गाने गेलेल्यांचे दावे हवेलीच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे पडून असतात. न्यास किंवा सहकारी संस्था करणे जास्त किचकट आहे. नियम लिहावे लागतात, वार्षिक सभा घ्यावी लागते, लेखापरीक्षण होते. कोणी पाच वर्षांनी कंटाळून निघाला तर त्याला काय परत द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट जोडली: वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, पशुपालन ही कामे गावातल्या मुलांनाच शिकवायची, म्हणजे मोटर जळल्यावर पुण्याहून माणूस येण्याची वाट पाहावी लागत नाही. वस्तीत दहा संगणक अभियंते असून एकालाही पंपाचा फूटव्हॉल्व्ह बदलता येत नसेल, तर शेवटी लोणीच्या चौकातून मेकॅनिकच आणावा लागतो. तो तिथे मिळतो आणि काम चांगले करतो. फक्त शनिवारी-रविवारी, नेमके वस्तीवर सगळे असतात तेव्हा, त्याला दहा ठिकाणांहून बोलावणे असते.