ओल्या फडक्याची गाडी

तामलवाडी मागे पडली, तुळजापूरच्या घाटाची चढण लागली आणि इंजिनाने दोन आचके दिले. तिसऱ्या आचक्याला ते गप्प झालं. फेब्रुवारी संपत आला होता, दुपारचे बारा वाजले होते, आणि सोलापूरकडचं ऊन त्या वेळी कसं असतं हे त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. गाडीचे मालक, पुण्याचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना मी सकाळपासून काका म्हणत होतो, शांतपणे उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, डिकीतून सुती धोतराचा एक तुकडा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या मुठीएवढ्या पेट्रोल पंपाभोवती गुंडाळला. ‘दहा मिनिटं,’ एवढंच म्हणाले. आम्ही लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. दहा मिनिटांनी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढून गेली.

गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. निघालो होतो बेंबळीला.

संपादकांच्या कानावर आलं होतं की पद्मिनी बाळगणारी काही मंडळी वर्षातून एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीत जमतात. जुन्या मोटारींचे मेळावे मी पाहिले आहेत. ते मुंबई-पुण्याच्या हिरवळीवर भरतात, गाड्यांना मेण लावलेलं असतं आणि बऱ्याच गाड्या ट्रकवर चढून तिथवर येतात. बेंबळी हे धाराशिवहून लातूरच्या हद्दीकडे जाताना लागणारं काळ्या मातीचं, सोयाबीन-तुरीचं मोठं गाव. तिथे कशाला, हे बघून या, असं संपादकांनी सांगितलं. मी काकांच्या शेजारच्या, एकसलग बाकासारख्या सीटवर बसून गेलो.

पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर. काका ताशी साठच्या वर जात नाहीत. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी उजाडताना दिसलं. इंदापूरला चहा झाला. टेंभुर्णीच्या पुलाखाली आणखी दोन पद्मिनी वाट पाहत होत्या, एक कोल्हापूरची आणि एक साताऱ्याची. कोणी हात मिळवण्याआधी कोल्हापूरकरांनी बॉनेटवर तळहात टेकवून पाहिला आणि विचारलं, ‘तापतीय का?’ या लोकांची रामराम करायची हीच रीत आहे. त्यांच्या मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. अट एकच: गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. वाटेत एक बंद पडली तर बाकीच्यांनी थांबायचं.

पद्मिनीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो ठिकठिकाणी छापलेला आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. जहाजं, विमानं आणि मोटारी हिंदुस्थानात बनाव्यात हा त्यांचा ध्यास होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला झाला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, पुढे इटलीच्या फियाटशी झाला. फियाटची ‘११००-१०३’ ही मोटार १९५३ साली युरोपात आली. तिच्यामागे दांते जाकोझा या अभियंत्याचं डोकं होतं. वर्षभरात ती कुर्ल्याला जुळू लागली आणि तिच्या गोलमटोल नाकामुळे आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ झाली. १९६४ च्या सुमारास नवा साचा आला. फियाटशी करार संपल्यावर त्याच गाडीला आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, ओढ मागच्या चाकांना, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या मानेवर. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हे सगळं बदललं. २००० च्या सुमारास पद्मिनी बनणं थांबलं. काळी-पिवळी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ताडदेवला नोंदली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. ती टॅक्सी जिवंत ठेवणाऱ्या हातांचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी विचारलं नाही. त्यातले दोन हात बेंबळीत आहेत आणि गाड्या तिथे जमतात त्या त्यांच्यासाठी.

रस्त्यालगत पत्र्याची शेड आहे. बाहेर ट्रॅक्टरची चाकं, पाण्याचं पिंप, बाभळीखाली खाट. एरवी इथे ट्रॅक्टर, टमटम आणि मोटारसायकली दुरुस्तीला येतात. त्या दिवशी नऊ पद्मिनी ओळीने उभ्या होत्या: पुणे, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, लातूर, दोन संभाजीनगरच्या, एक मुंबईची आणि एक थेट गुलबर्ग्याहून आलेली. शाळेतून सुटलेली पोरं काचेला नाक लावून आत बघत होती. मिस्त्री पासष्टीचे, अंगाने किरकोळ, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांचं नाव मी लिहीत नाही, तशी त्यांचीच इच्छा आहे. सगळे त्यांना मिस्त्रीमामा म्हणतात.

मामा विशीच्या आत मुंबईला गेले. एका टॅक्सी गॅरेजात आधी पाना पुसायला, मग पाना धरायला लागले. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती काळ्या-पिवळ्या गेल्या याची त्यांनी मोजदाद ठेवलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्याची बातमी कळताच गावाकडच्या तिघांसह ते एका टॅक्सीवाल्याची पद्मिनी घेऊन निघाले. सव्वाचारशे किलोमीटरच्या वर अंतर, फोन लागत नव्हते, घर उभं आहे की नाही ठाऊक नव्हतं. ‘तीन डाव थांबलाव,’ मामा सांगत होते. ‘तिन्ही डाव पंप. माझा हात कापत हुता, पर फडकं नीट गुंडाळलं.’ घर उभं होतं. किल्लारी-सास्तूरकडचं जे त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं त्यावर ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

काळ्या-पिवळ्या कमी होत गेल्या तसं त्यांचं काम आटलं आणि ते गावी परतले. सोबत आणली एक लोखंडी पेटी.

मी तिथे दीड दिवस होतो. त्यातला बराच वेळ मी मामांना काकांचा पंप उघडताना पाहण्यात घालवला, आणि त्या यंत्राने मला जे धरलं ते अजून सोडलेलं नाही. आजच्या गाडीत पेट्रोल ओढायला टाकीतच विजेची मोटर असते. पद्मिनीच्या पंपाला वीज लागत नाही. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर एक उंचवटा असतो, तो फिरताना पंपाची छोटी दांडी दाबतो. दांडी एका पातळ, लवचीक पडद्याला खाली खेचते. पडदा खाली गेला की वर पोकळी होते आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल एका झडपेतून आत येतं. मग स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि पेट्रोल दुसऱ्या झडपेतून कार्बोरेटरकडे जातं. एक पडदा, दोन झडपा, एक स्प्रिंग. इंजिनाचा वेग वाढला की पंपाचा वेग आपोआप वाढतो. कार्बोरेटर भरलं की मागचा दाब वाढतो, पडदा खालीच थबकतो आणि दांडी नुसती हलत राहते. कोणी सांगावं लागत नाही. मिनिटाला शेकडो वेळा हे चालतं, आणि या गाडीत ते चाळीस वर्षं चाललं आहे.

अडचण उष्णतेची. पंप इंजिनाच्या अंगालाच स्क्रूने बसवलेला. भर उन्हात, चढावर, हळू वेगात इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पडदा मग द्रवाऐवजी वाफ ओढतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतं. पंपात काहीच मोडलेलं नसतं. मामांच्या भाषेत, ‘पंप बिघडत न्हाई साहेब, त्याला ताप येतुय. लेकराला ताप आला की कपाळावर पाण्याची घडी ठिवतावच की.’

पंपाचे सहा स्क्रू सोडून त्यांनी पडदा उजेडात धरला. नख न लावता बोटाच्या पेराने चाचपला. कडेला तो ताठ झाला होता, मध्ये किंचित फुगला होता. ‘ह्यो वयानं न्हाई गेला,’ म्हणाले. ‘ह्यो पेट्रोलनं गेला.’

त्या क्षणापासून आमची सगळी बोलणी त्याच एका गोष्टीकडे वळली, म्हणून मीही आता तिच्याकडेच वळतो.

देशभर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०३० साठी ठरवलेलं हे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं. धाराशिव, लातूर, सोलापूर हा उसाचा पट्टा. इथल्या कारखान्यांना इथेनॉलने आधार दिला आहे आणि त्या आधाराची शेतकऱ्याला गरज आहे. बेंबळीच्या शिवारात उभं राहून इथेनॉलला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण पद्मिनीचा पडदा, रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची गास्केटं ज्या काळी घडली त्या काळी पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. त्याने जुनं रबर फुगतं, ताठरतं, चिरतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गास्केटं बदलावी लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं आहे. बदलायची तयारी या लोकांची आहेच. पण बदलायला भाग कुठला? मामांच्या लोखंडी पेटीत जुने पडदे आहेत, तेही त्याच जुन्या रबराचे. कोल्हापूरच्या गृहस्थांनी तिथल्या एका छोट्या कारखान्यात इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे काही पडदे कापून घेतले होते. नऊ गाड्यांना नऊ पडदे बसवायचे, हेच यंदाच्या मेळाव्याचं मुख्य काम होतं. हार-तुरे, बक्षिसं, फीत कापणं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत आठ बसले. नववा चिरलेला निघाला.

रात्री शेडमध्ये पिठलं-भाकरी आणि ठेचा झाला. जेवताना दुसरी चिंता निघाली आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवायची. हे शुल्क पूर्वी सहाशे रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार झालं. दुसऱ्या बाजूला, २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राहिलेली गाडी त्यात बसते. तिला वेगळी नंबर-मालिका आणि दहा वर्षांची नोंदणी मिळते. अशी गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. नियम चांगला आहे. पण पद्मिनी हे नावच १९७४ चं. म्हणजे सर्वांत जुनी पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडते आहे. काकांच्या गाडीला ती २०३६ मध्ये गाठायची आहे. शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांना २०५० उजाडेल. तोवर त्या कायद्याच्या लेखी नुसत्या म्हाताऱ्या गाड्या आहेत, आणि दर पाच वर्षांनी मालकाच्या मुलाला एकच प्रश्न पडणार आहे: दहा हजार भरू, की भंगारात घालू? गोळाबेरीज केली तर भंगार स्वस्त पडतं. पन्नाशीला पोचलेली गाडी जपण्याचा कायदा आपण केला, पण तिथवर पोचायचा रस्ता तिच्यासाठी ठेवला नाही.

इटलीत लिगुरिया भागात गार्लेंदा नावाचं खेडं आहे. १९८४ साली तिथे छोट्या फियाट ५०० गाड्यांचा क्लब निघाला. ती गाडीही जाकोझांचीच. आज दर जुलैत त्या खेड्यात युरोपभरातून गाड्या चालत येतात, आणि जाकोझांच्या नावाचं संग्रहालय तिथे आहे. बेंबळीत संग्रहालय व्हावं असं मी म्हणत नाही. मामांच्या शेडवर पत्रा नवा हवा आणि त्यांच्या हाताखाली एक पोरगं हवं. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गावातली दोन मुलं येतात, ती मोटारसायकलचं काम शिकायला. कार्बोरेटरची गाडी शिकून पोट भरेल असं त्यांना सांगायला मामांची जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलबर्ग्याची गाडी आधी निघाली, कारण तिचा रस्ता उन्हाचा होता. मग एकेक करत सगळ्या गेल्या. काकांच्या गाडीत नवा पडदा होता. तुळजापूरचा घाट या वेळी उताराचा होता. त्यांनी धोतराचा तुकडा तरीही भिजवून हाताशी ठेवला. सोलापूर आलं, टेंभुर्णी आलं, आम्ही एकदाही थांबलो नाही.

परिवहन खात्याला माझं एकच मागणं आहे: तीस ते पन्नास वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या आणि वर्षाला मोजकेच किलोमीटर धावणाऱ्या खासगी गाड्यांसाठी वेगळा वर्ग करा, तपासणी कडक ठेवा आणि शुल्क परवडेल असं ठेवा. आणि वाचकांपैकी कुणाच्या वाड्यात, गोठ्यात, ताडपत्रीखाली पद्मिनी उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिची टाकी रिकामी करा, नोंदणीचं पुस्तक शोधून ठेवा आणि जवळच्या जुन्या मिस्त्रीला एकदा बॉनेट उघडून दाखवा. गाडी सुटीच करायची ठरली, तरी पंप आणि कार्बोरेटर वजनावर विकू नका. कुणातरी पद्मिनीवाल्याला ते हवे आहेत.