एक ठेच, दोन वेदना

अंधारात पायाचं बोट पलंगाच्या खुराला आपटलं, की आधी एक तीक्ष्ण कळ येते. ती ओसरते न ओसरते तोच ठणका सुरू होतो आणि मग बराच वेळ पिच्छा सोडत नाही. मार एकच, पण त्याच्या दोन वर्द्या दोन वेगळ्या तंतूंतून निघालेल्या असतात.

एका मोठ्या नसेत असे हजारो तंतू जुडीने बांधलेले असतात. त्यांतून संदेश पुढे सरकतो तो विद्युत-रासायनिक लाटेसारखा: तंतूच्या पडद्यातली सूक्ष्म दारं उघडतात, सोडियमचे भारित कण आत शिरतात, मग पुढची दारं उघडतात. मार जोराचा असला म्हणून लाट मोठी होत नाही. लाटा अधिक भराभर निघतात, एवढंच.

वेग ठरतो तंतूच्या जाडीवर आणि त्याच्यावरच्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणावर. या आवरणात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उड्या घेत जातो. स्नायूंवरचा ताण कळवणारे जाड तंतू सेकंदाला 120 मीटरपर्यंत वेग गाठतात, म्हणजे ताशी चारशे किलोमीटरच्याही वर. हलका स्पर्श नेणारे त्याहून मंद. पहिली कळ नेणाऱ्या तंतूंवर आवरण पातळ असतं, तर ठणका नेणाऱ्यांवर ते नसतंच. त्यांचा वेग सेकंदाला फार तर 2 मीटर, माणसाच्या चालीएवढा! तंतूंची ही वर्गवारी करणाऱ्या जोसेफ अर्लँगर आणि हर्बर्ट गॅसर यांना 1944 मध्ये नोबेल मिळालं.

ठेचाळलेलं बोट हात न सांगता चोळू लागतो, त्यामागेही हेच तंतू आहेत. चोळल्याने जागे झालेले स्पर्शाचे तंतू मज्जारज्जूतच वेदनेची वाट काही अंशी अडवतात, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडला.

ठणका नकोसा वाटतो. पण तो गेला तर काय होतं, हे कुष्ठरोग दाखवतो. या रोगाचे जंतू तंतूंभोवतीच्या श्वान पेशींमध्ये घर करतात. उष्णता आणि वेदना नेणारे बारीक तंतू बहुधा लवकर निकामी होतात. चूल पेटवताना बोट भाजतं, चपलेतला खिळा टाचेत रुततो, आणि माणसाला पत्ताच नसतो. रोगाने बोटं आपोआप झडतात, हा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती मुख्यतः न जाणवलेल्या जखमांमुळे. अशा गैरसमजांपायी किती माणसं घराबाहेर काढली गेली! वरोऱ्याजवळच्या आनंदवनासारख्या कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानाची गरज पडली ती त्यामुळेच.

मधुमेहातही असंच घडतं. तिथे बहुधा सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून बधिरपणा पावलांपासून सुरू होतो. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळवे नीट पाहावेत. आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल, तर लाज न बाळगता सरकारी दवाखाना गाठावा. कुष्ठरोगाची औषधं तिथे मोफत मिळतात. वेळेवर सुरू केलेल्या औषधाने रोग पूर्ण बरा होतो. एकदा मेलेले तंतू मात्र सहसा परत येत नाहीत.