ताण आणि खळ

असोदा या गावाची वाङ्मयाच्या दफ्तरी जी नोंद झालेली आहे ती बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने. १८८० साली येथे महाजनांच्या घरात जन्मलेली, जळगावच्या चौधरी कुटुंबात दिलेली आणि अक्षरओळख नसतानाही ओव्या रचीत राहिलेली ही स्त्री १९५१ च्या डिसेंबरात निवर्तली; पुढच्याच वर्षी तिची कविता ग्रंथरूपाने बाहेर पडली, आणि २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने तिचे नाव धारण केले. गावाची दुसरी ख्याती भरिताच्या वांग्यांची असून तिला कोणत्याही विद्यापीठाच्या शिफारशीची गरज पडलेली नाही. मला मात्र संपादकांनी रुखवतात मांडल्या जाणाऱ्या क्रोशाच्या वस्तूंवर लिहिण्याच्या कामगिरीवर तिकडे धाडले होते. तोरणे, ताटावरचे रुमाल, दुधाच्या भांड्यावर टाकायच्या मण्यांच्या जाळ्या असा सगळा सरंजाम पाहावा, चार ओळी कौतुकाच्या लिहाव्यात आणि परतावे, असा बेत होता. पण विणकाम पाहायला गेलेला मी, विणकाम संपून सुई डब्यात गेल्यानंतर जे काम सुरू होते त्यात गुंतून पडलो, आणि या लेखाचा विषय बदलला.

क्रोशाची अधिकृत हकिकत थोडक्यात उरकण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंड उद्ध्वस्त झाले असता, तिथल्या बायकांनी बारीक आकडीने लेस विणून घरे सावरली. त्याच दशकात, १८४४ च्या सुमारास, आंध्रातील नरसापूर येथे एका स्कॉटिश मिशनरी दांपत्याने ही कला रुजवली असे सांगतात. आपल्याकडे ती मिशनच्या शाळांतून आली, पुढे शिवण-भरतकामाच्या वर्गांतून आणि महिलांच्या मासिकांत छापून येणाऱ्या नमुन्यांतून मध्यमवर्गीय माजघरात शिरली, आणि तिथून रुखवताच्या टेबलावर जाऊन बसली. साखळी, मुका खांब, खांब, अननस अशी तिची परिभाषाही एव्हाना घरचीच झालेली आहे. या साऱ्या इतिहासात विणणाऱ्या हातांचा उल्लेख ठिकठिकाणी सापडतो. विणलेले धुऊन, ताणून, टाचून, खळ देऊन वाळवणाऱ्या हातांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही.

ज्या काकूंकडे मी गेलो त्यांनी नाव छापायचे नाही या अटीवरच मला ओसरीवर बसू दिले. गावातल्या आणि जळगावच्याही काही घरांतून विणून झालेले रुमाल आणि तोरणे त्यांच्याकडे ‘नीट करायला’ येतात. सुईवरून नुकताच उतरलेला रुमाल ही किती केविलवाणी वस्तू असते हे ज्याने पाहिले नसेल त्याला सांगून पटणार नाही. महिनाभर हातांत फिरल्याने दोरा मळलेला असतो, मधला भाग फुगून आलेला, कडा आत वळलेल्या, आणि विणीतली फुले, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती एकमेकांत गुरफटून ओळखू येईनाशी झालेली असतात. काकू आधी सुटलेली टोके लपवतात. त्यांच्या दरबारात गाठीला थारा नाही; बोथट सुईने दोरा खांबांच्या पाठीमागून काही अंतर नेऊन तो पुन्हा उलट दिशेने आणायचा, म्हणजे ताण कुठूनही आला तरी टोक निसटत नाही. मग कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून रुमाल त्यात बुडवतात. चोळायचा नाही, पिळायचा तर मुळीच नाही; पंच्यात गुंडाळून तळहाताने दाबायचा. पाणी नळाचे, भरून ठेवलेले; बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा पांढरा गाळ विणीच्या छिद्रांत अडकून बसतो, असा त्यांचा अनुभव.

पण ज्या वस्तूने माझे चित्त खऱ्या अर्थाने वेधून घेतले ती त्यांची फळी होय. जुन्या पलंगाची प्लायवूडची फळी, तिच्यावर चौपदरी घोंगडी, घोंगडीवर घट्ट ताणून शिवलेले जुने पांढरे धोतर, आणि त्या धोतरावर एकाच मध्याभोवती काढलेली वर्तुळे व मध्यापासून निघालेल्या सोळा रेषा. ही आकृती पेन्सिलीने काढलेली नाही. पेन्सिलीचा काळा कण ओल्या दोऱ्याला लागला की निघता निघत नाही, म्हणून काकूंनी ती सबंध आकृती, रंग जाणार नाही अशी खात्री करून घेतलेल्या निळ्या दोऱ्याने, धावदोरा घालून शिवून काढली आहे. वर्तुळांसाठी घरातली ताटे, ताटल्या आणि वाट्या उपड्या घातल्या होत्या. सोळा भागांसाठी कागदाचा गोल चार वेळा दुमडला होता. भूमितीचा एवढा निर्दोष उपयोग मी शाळेच्या फळ्यावरही क्वचितच पाहिला असेल.

ओला रुमाल या आकृतीवर पसरला की टाचण्यांचे काम सुरू होते, आणि त्यात क्रम हेच सर्वस्व आहे. पहिली टाचणी मध्यात. मग एका टोकाला एक आणि तिच्या बरोबर समोरच्या टोकाला दुसरी; मग या जोडीला काटकोनात आणखी एक जोडी; मग त्यांच्या मधल्या दिशा, आणि मग त्यांच्याही मधल्या. कडेने ओळीने टाचत जाल तर सारी ओढ एका बाजूला साचते आणि शेवटची टाचणी पहिलीला कधीच भेटत नाही. टाचणी सरळ रोवायची नसून डोके बाहेरच्या बाजूला कलते ठेवायचे, म्हणजे वाळताना आकसणारा दोरा तिच्यावरून वर सरकत नाही. टाचण्या स्टीलच्याच, साध्या लोखंडी टाचणीचा गंजाचा ठिपका पांढऱ्या रुमालावर पडला की लिंबू-मीठ लावून उन्हात धरण्यापलीकडे उपाय उरत नाही, आणि तोही दर वेळी चालतोच असे नाही. एक अननस सारखा तिरका होत होता. काकूंनी त्याच्या टोकाची टाचणी काढली, शेजारच्या दोन्ही अननसांच्याही काढल्या, नखाने खांब एकेक करून सरळ केले आणि तिन्ही पुन्हा टाचले. मी म्हटले, एवढे कोण पाहणार आहे? त्यावर मान वर न करता त्या म्हणाल्या, “ओलं हाये तवर आपलं, भाऊ. वायलं का मंग ते कोनाचं आयकत नही.”

या एका वाक्यात वस्त्रविज्ञानाचा एक प्रकरणभर मजकूर आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजचा. त्यातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरले की यांतले कित्येक बंध सुटतात, तंतू मवाळ होतो आणि दिलेला आकार मुकाट्याने घेतो; पाणी उडून गेले की बंध नव्या जागी नव्याने जुळतात आणि तोच आकार पक्का होतो. शिवाय कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा बळकट असतो, रेयॉनची गत नेमकी उलटी. म्हणून सुती रुमाल जी ओढ निमूटपणे सोसतो ती रेयॉनला सोसवत नाही. आणखी एक गंमत अशी की ज्या चकचकीत दोऱ्याने हे रुमाल विणतात त्याची चमकही ताणातूनच जन्मलेली आहे. लँकेशायरच्या जॉन मर्सरने १८४४ साली कापसाला तीव्र कॉस्टिक सोड्यात बुडवण्याची क्रिया शोधली आणि १८५० मध्ये तिचे पेटंट घेतले. पण त्याने दोरा आखडत असे, आणि गिरणीवाल्यांनी तिकडे पाठ फिरवली. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तोच दोरा ताणून धरूनच सोड्यात घातला, आणि त्याला रेशमासारखी झळाळी आली. म्हणजे मर्सराइज्ड दोऱ्याचा गोळा असोद्याच्या फळीवर येण्यापूर्वीच एकदा ताणाच्या परीक्षेतून उतरलेला असतो.

ताणाने सगळेच दोष झाकले जातात असे मात्र नाही. पहिल्या फेरीत बारा खांब घेतले असतील तर सपाट रुमालासाठी पुढच्या दर फेरीला सुमारे बारा वाढले पाहिजेत, कारण वर्तुळाचा परिघ त्रिज्येच्या प्रमाणातच वाढतो. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. थोडी चूक टाचण्या पोटात घालतात. मोठी चूक फळीवरून उठताक्षणी उघडी पडते. काकूंच्या भाषेत अशा झालरवाल्या रुमालाला ‘आगाऊ’ म्हणतात. त्यांना मी सांगितले की अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली मुद्दाम टाके वाढवीत असाच आगाऊ रुमाल विणला आणि अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीचे हातात धरता येणारे रूप विद्यार्थ्यांपुढे ठेवले. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्या बाई तो रुमाल नंतर उसवतात की काय, एवढेच विचारले.

उभ्या राहणाऱ्या वस्तूंना, म्हणजे करंड्या, फुले, तोरणाची लोंबती पाने यांना, खळ लागते. भाकरीच्या या मुलुखात भाताची पेज रोज निघत नाही. उपासाचा साबुदाणा मात्र प्रत्येक डब्यात असतो. तो भिजवून, भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळला की जी खळ मिळते ती दोऱ्यावर चढते पण दिसत नाही. मैद्याची खळ काकूंना नापसंत, कारण ती वाळल्यावर छिद्रांत पापुद्रे धरते. पांढऱ्या कामाला शेवटी निळीचा एखादा थेंब. खानदेशचा उन्हाळा, ज्याला माणसे शिव्या देतात, या कामाला वरदान आहे. मात्र फळी उन्हात ठेवायची नाही, सावलीतल्या झळीला ठेवायची, नाहीतर खळ वरवर कडक होते आणि आतला दोरा ओलाच राहतो.

आता अडचणींकडे वळले पाहिजे, आणि त्या मला वाटल्या होत्या त्याहून पुष्कळच जास्त निघाल्या. पहिली अडचण खुद्द खळच आहे. ती पिठूळ, म्हणजे कसरीचे अन्न. लग्न आटोपल्यावर रुखवताच्या वस्तू जशा होत्या तशा, खळीसकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर टाकल्या जातात. दोन पावसाळे गेले की त्यांवर बुरशीचे पिवळे डाग आणि कुरतडलेल्या कडा. ठेवणीत टाकायचे काम खळ धुऊन काढून, घडी न घालता, जुन्या सुती कापडाभोवती गुंडाळून ठेवावे लागते, आणि वापरायच्या वेळी पुन्हा ताणून टाचावे लागते. हे संस्कार पुन:पुन्हा करायचे असतात, ही गोष्ट नव्या सुनांना कोणी सांगत नाही, आणि सांगितली तर त्यांना वेळ नसतो. वेळ नसल्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरी अडचण दोऱ्याची. बाजारात अॅक्रिलिकचे रंगीत, स्वस्त धागे आले आहेत आणि मोबाइलवर पाहून विणायला शिकलेल्या मुलींना तेच आवडतात. अॅक्रिलिक पाणी पीत नाही. टाचण्या काढल्या की बरेचसे पूर्ववत आखडते. वाफ दिली तर आकार धरते खरे, पण वाफ जरा अधिक झाली की धाग्यातला जीवच जातो, तो कायमचा लुळा पडतो आणि मग त्याला कोणी सावरू शकत नाही. या मुली टाके सुरेख घालतात. त्यांना दाखवणाऱ्या चित्रफितीतही बहुधा शेवटचा टाका पडतो आणि पुढच्या क्षणी सपाट, नेटका रुमाल समोर येतो, मधला एक दिवस कोठे गेला हे कळतच नाही. जिल्हा कापसाचा, पण जळगावची खानदेश मिल कधीच बंद पडून तिच्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहिले आहे, आणि चांगला सुती क्रोशाचा गोळा हवा तर मदुराईचे नाव लावणाऱ्या कंपनीच्या छापाची वाट पाहावी लागते.

तिसरी अडचण पैशाची, आणि मला तीच सर्वांत गंभीर वाटते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले. त्या बायका परदेशी बाजारासाठी दिवसाचे कितीतरी तास राबतात, पण गृहिणी फावल्या वेळात काहीतरी करते आहे असे समजून त्यांचे मोल ठरवले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. असोद्यात निर्यात नाही, दलाल नाही. पण हिशेबाची रीत त्याच वळणाची आहे. विणकामाची मजुरी इथे दोऱ्याच्या गोळ्यांवर मोजतात: किती गोळे लागले, तितकी मजुरी. धुणे, ताणणे, टाचणे आणि वाळवणे यांना एकही वीत दोरा लागत नाही, म्हणून त्यांचा हिशेबच होत नाही. साबुदाणा घरचा, पाणी नळाचे, दिवस काकूंचा. दुसऱ्याचे विणलेले काम आले तर गिऱ्हाईक ‘नुसतं सरळच तर करायचं’ असे म्हणून जे हातावर ठेवील ते घ्यायचे, आणि ओळखीच्या घरचे असेल तर तेही नाही.

काकूंनी यावर एक तोड काढली होती. स्वतः विणून दिलेल्या कामाचा हिशेब सांगताना त्या एक गोळा वाढवून सांगत. दोरा चार गोळ्यांचा, जमाखर्चात पाच. हा पाचवा गोळा फळीचा. कित्येक वर्षे हे निर्वेध चालले. गेल्या लग्नसराईत मात्र जळगावची एक विहीणबाई, जी स्वतः क्रोशे करणारी निघाली, तिने रुमाल हातात घेऊन त्याच्या फेऱ्या मोजल्या, वजन केले, आणि पाचव्या गोळ्याची मजुरी कापून घेतली. तेव्हापासून काकू चारच गोळे सांगतात, आणि टाचण्याचे काम स्वतःच्या घरच्या वस्तूंपुरतेच पूर्ण करतात; बाहेरचे काम धुऊन, दाबून, उलट्या बाजूने इस्त्री फिरवून परत देतात. इस्त्रीने फुले चपटी होतात हे त्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकांपैकी अजून कोणी त्याबद्दल तक्रार केलेली नाही.