एका यंत्राभोवतीचा वर्ग

खेळखंडोबा हा शब्द ज्या भाषेने घडविला, तिच्या शाळांनी खेळाला अध्यापनाच्या तासाबाहेर ठेवले यात नवल नाही. परंतु संगणकावरील खेळांतून शिकविण्याच्या खटपटीचा सुमारे साठ वर्षांचा इतिहास चाळू लागले, की त्या खटपटीच्या आरंभीच शिक्षकांचा हात दिसतो. १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात मेबल अॅडिस या शिक्षिकेने लिहिलेल्या ‘सुमेरियन गेम’मध्ये विद्यार्थ्याने लगाश नगरीचा राजा होऊन पेरणीला किती धान्य द्यावे, रयतेला किती वाटावे, याचा जमाखर्च सांभाळावयाचा असे.

मात्र ज्याची खरी कीर्ती झाली तो ‘ओरेगॉन ट्रेल’. मिनीआपोलिसमधील एका शाळेत इतिहासाच्या अध्यापनाची उमेदवारी करणाऱ्या डॉन रॉविच यांच्या मनात अमेरिकेत गाड्यांनी पश्चिमेकडे झालेल्या स्थलांतराचा पाठ पटावरील खेळाने शिकवावा असे होते. पण त्यांचे सहनिवासी, गणिताचे उमेदवार बिल हाइनमन व पॉल डिलनबर्गर यांनी तो संगणकावर नेण्याची तजवीज केली आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी तो इयत्ता आठवीच्या वर्गात मांडला गेला. पडदा नव्हताच, दूरध्वनीच्या तारेने दूरच्या संगणकाशी जोडलेले एकच टंकयंत्र कागदावर मजकूर खडखडत उमटवी. खेळातला काळ सन १८४७, खेळाडूच्या गाठीला ९०० डॉलर, त्यांतील २०० गाडीपायी गेलेले, उरलेल्यांत बैल, अन्न, काडतुसे आणि कपडे घ्यावयाचे. शिकारीसाठी ‘बँग’ हा शब्द झटपट टंकित करावा लागे, विलंब झाला की सावज निसटे.

यंत्र एकच आणि पोरे पुष्कळ, म्हणून मुलांनी आपण होऊनच कारभार वाटून घेतला: ज्याची बोटे चपळ तो शिकारी, एक नकाशावर लक्ष ठेवी, एक हिशेब पाही, आणि खर्चाचा प्रश्न आला की सर्वांची मसलत होई. माझ्या मते त्या खेळातले निम्मे शिक्षण या टंचाईने घडविले.

सत्र संपताच रॉविच यांनी आज्ञावली कागदावर छापून घेतली व संगणकावरून पुसून टाकली. पुढे १९७४ साली मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत नोकरी लागल्यावर त्यांनी ती पुन्हा टंकित केली आणि त्या स्थलांतरातील प्रवाशांच्या रोजनिशा वाचून आजार, वादळे, मोडलेली चाके यांची वारंवारता ठरविली. दैवाचा असा दस्तऐवजी बंदोबस्त क्वचितच कोणी केला असेल! १९८५ च्या अॅपल आवृत्तीने आमांशाने येणारा मृत्यू एका पिढीच्या स्मरणात कोरला. ज्यांच्या भूमीवरून गाड्या गेल्या त्या मूलनिवासींचा पक्ष मात्र या हिशेबात बराच काळ गौण राहिला. हा दोष सुधारण्यासाठी त्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेतला गेला तो थेट २०२१ च्या आवृत्तीत.

पुढे तिकडे यंत्रे स्वस्त झाली, बऱ्याच वर्गांत प्रत्येक मुलाला स्वतंत्र पडदा मिळाला आणि मसलतीचे प्रयोजन उरले नाही. २०११ च्या सुमारास ‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळाची शालेय आवृत्ती आली, तीत मुले एकाच आभासी जगात बांधकाम करीत आणि शिक्षकाला सर्वांच्या हालचाली एका आज्ञेने थांबविण्याची मुभा होती, त्या थांबलेल्या क्षणी प्रश्न विचारणारा गुरुजी पुन्हा वर्गाच्या मध्यभागी आला.

संगणक पुरेसे नाहीत म्हणून खेळातून शिकविण्याचा उपक्रम पुढे ढकलणाऱ्या आपल्या शिक्षकांना एवढीच विनंती, की आहे ते एकच यंत्र मध्ये ठेवावे आणि मुलांना भोवती बसवून खजिनदार त्यांनाच निवडू द्यावा.